पोटोबा, विठोबा आणि फुरसतीचा सिद्धान्त

तत्त्वचिंतन ही भरल्या पोटाची चैन आहे, हे मत मराठी समाजात इतके मुरलेले आहे की ते युक्तिवाद करून पटवून द्यावे लागत नाही. ‘आधी पोटोबा, मग विठोबा’ एवढे म्हटले की काम भागते. ही म्हण कधी व्यवहारी सल्ला म्हणून वापरली जाते, तर कधी स्वतःच्या पोटापलीकडे न पाहणाऱ्याला मारलेला टोमणा म्हणून; पण दोन्ही वापरांत एकच क्रम गृहीत धरलेला असतो, तो असा की आधी भाकरीची सोय लागते, त्यानंतर उसंत मिळते आणि त्या उसंतीत दुःख का वाट्याला येते, न्याय कशाला म्हणावे, देहापलीकडे माणूस म्हणून काही उरते का, असे प्रश्न सुचू लागतात. या समजुतीला येथे ‘फुरसतीचा सिद्धान्त’ असे नाव दिले आहे. फुरसत ही ग्रंथाची अट असू शकते, प्रश्नाची अट ती नाही. आणि या दोहोंची गल्लत झाली की कष्टकऱ्याची हिरावली गेलेली विश्रांती हा अन्याय न राहता निसर्गनियम वाटू लागतो, हे दाखवणे हा या प्रतिवादाचा हेतू आहे.

सिद्धान्ताची विद्वत्तापूर्ण बाजू प्रथम पाहणे न्याय्य ठरेल, कारण ती दुबळी नाही. ॲरिस्टॉटलने आपल्या ‘मेटाफिजिक्स’ या ग्रंथाच्या आरंभीच असे प्रतिपादन केले आहे की जीवनाच्या गरजा भागल्यानंतरच माणूस केवळ जाणण्यासाठी जाणू लागला, आणि इजिप्तमध्ये गणित उदयाला आले ते तेथील पुरोहितवर्गाला फुरसत लाभली होती म्हणून. फुरसतीसाठीचा ग्रीक शब्द ‘स्खोले’ हाच पुढे लॅटिनमार्गे इंग्रजीतील ‘स्कूल’ झाला, ही गोष्टही या मताच्या बाजूने आवर्जून सांगितली जाते. विसाव्या शतकात अब्राहम मॅस्लो या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली मानवी गरजांची जी उतरंड मांडली, तिच्यात अन्नपाण्यासारख्या शारीरिक गरजा तळाशी आणि आत्मसिद्धी, म्हणजे स्वतःतील शक्यता पूर्णत्वाला नेण्याची गरज, सर्वांत वर आहे. व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गांतून ही उतरंड पिरॅमिडच्या आकृतीने शिकवली जाते आणि तिने जुन्या म्हणीला शास्त्राचा पोशाख चढवला आहे. हा क्रम वाटतो तितका पक्का नसल्याचे मॅस्लोने त्याच निबंधात नमूद केले होते. आकृती लोकप्रिय झाली आणि ती सावधगिरी मात्र मागे पडली.

ॲरिस्टॉटलचा दाखला त्याच्याच परंपरेतल्या पुराव्यापुढे टिकत नाही. त्याच्या सुमारे शंभर वर्षे आधी लिहिणाऱ्या हिरॉडोटसने इजिप्तमधील भूमितीचा उगम अगदी वेगळा सांगितला आहे: नाईलच्या पुरात शेतजमिनीचा तुकडा वाहून गेला की किती जमीन गेली आणि त्या प्रमाणात सारा किती कमी करायचा हे ठरवण्यासाठी राजाचे मोजणीदार येत, आणि या मोजणीतून भूमिती निर्माण झाली. ही हकिगत अक्षरशः खरी मानावी की नाही हा इतिहासकारांचा प्रश्न आहे. मात्र भूमितीच्या मुळाशी निवांत पुरोहिताऐवजी बुडालेले शेत आणि सारा भरण्याची चिंता असू शकते, ही शक्यता ग्रीकांना माहीत होती. खुद्द अथेन्समध्ये क्लिअँथीस हा विचारवंत रात्री बागांना पाणी उपसून घालण्याची मजुरी करी आणि दिवसा झेनोची व्याख्याने ऐके. पुढे तोच झेनोनंतर स्टोइक पंथाचा, म्हणजे सुखदुःखाच्या चढउतारात विवेक ढळू न देण्याची शिकवण देणाऱ्या पंथाचा, प्रमुख झाला.

वर्णन म्हणून मांडलेला हा सिद्धान्त बहिष्काराकडे किती लवकर घसरतो, हेही ॲरिस्टॉटलमध्येच दिसते. सद्गुणाच्या विकासाला आणि राज्यकारभाराला फुरसत लागते, म्हणून उत्तम राज्यात कारागीर आणि शेतकरी यांना नागरिकत्व असू नये, असे त्याने ‘पॉलिटिक्स’मध्ये म्हटले आहे. येथे युक्तिवादाने चक्र पूर्ण केलेले आढळते: कष्ट करणाऱ्याला फुरसत नाही म्हणून त्याला विचार नाही, विचार नाही म्हणून निर्णयात वाटा नाही, आणि निर्णयात वाटा नाही म्हणून त्याला फुरसत मिळण्याचा मार्गही नाही. शिवाय फुरसत आणि विचार यांचे नाते या सिद्धान्ताला वाटते तसे खरोखरच असते, तर संस्थानिकांच्या वाड्यांतून नव्या दर्शनांचे पीक आले असते. तेथे शिकारीच्या कहाण्या विपुल निघाल्या, दर्शने निघाल्याचे ऐकिवात नाही.

भारतीय दर्शनांच्या भाषेकडे लक्ष दिले तर या सिद्धान्ताचा पाया आणखीच डळमळतो. कार्यकारणभावाची चर्चा करताना नैयायिक आणि वेदान्ती यांच्यापुढे सतत असतो तो घडा: माती हे त्याचे उपादान कारण, म्हणजे ज्यापासून वस्तू घडते ते द्रव्य, आणि कुंभार हे निमित्त कारण, म्हणजे घडवणारा. अवयव आणि अवयवी, म्हणजे भाग आणि त्या भागांचे बनलेले अखंड, यांचा संबंध समजावताना येतात ते धागे आणि वस्त्र. धूर दिसला म्हणून डोंगरावर अग्नी आहे असे अनुमान करताना धूर आणि अग्नी यांच्या नित्य साहचर्याचा, ज्याला व्याप्ती म्हणतात त्याचा, ठरलेला दाखला असतो स्वयंपाकघराचा. घडा, कापड आणि चूल काढून घेतली तर या दर्शनांचे ग्रंथ मुके होतील. कुंभाराने माती मळताना, विणकराने ताणा लावताना आणि चुलीपुढे बसलेल्या बाईने ओले सरपण पेटवताना जे जाणले, त्या जाणिवेची उसनवारी करून शास्त्रकारांनी आपला संसार थाटला. उसनवारीचा संकोच त्यांना वाटला नाही, पण ज्यांच्याकडून घेतले त्यांना विचारवंतांच्या पंक्तीत बसवणेही त्यांना सुचले नाही.

महाभारत या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. वनपर्वातील कौशिक नावाच्या तपस्वी ब्राह्मणाला एक गृहिणी भिक्षेसाठी ताटकळत ठेवते, कारण ती पतीला वाढण्यात गुंतलेली असते. तो रागावतो तेव्हा ती त्याला धर्म शिकण्यासाठी मिथिलेला मांस विकणाऱ्या व्याधाकडे पाठवते. शांतिपर्वात जाजली या तपस्व्याचा ज्ञानाचा गर्व उतरतो तो वाराणसीतल्या तुलाधार नावाच्या वाण्याच्या दुकानात, आणि सर्वांसाठी सम असलेली त्याची तराजू हाच त्या संवादातल्या समत्वाच्या विचाराचा कणा आहे. व्याधाला त्याच्या धंद्यातच ठेवणारी आणि तो पूर्वकर्माचे फळ ठरवणारी चौकट या कथांमध्ये आहे, हे झाकण्याचे कारण नाही. तरीही धर्म कशाला म्हणावे हा प्रश्न ज्यांच्या तोंडून सोडवला जातो ती माणसे कामाच्या मध्यावर उभी आहेत, ही निवड त्या ग्रंथाने जाणीवपूर्वक केलेली आहे.

सिद्धान्ताच्या समर्थकांना उपनिषदांतच एक भक्कम आधार सापडू शकतो, आणि त्याला सामोरे गेल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, पंधरा दिवस काही न खाता केवळ पाण्यावर राहायला सांगतो. त्यानंतर वेद म्हणायला सांगितल्यावर श्वेतकेतूला काहीच आठवत नाही, आणि जेवण झाल्यावर सारे पुन्हा आठवते. मन अन्नमय आहे, असा निष्कर्ष उद्दालक काढतो. पोटोबाच्या बाजूने याहून चांगली साक्ष मिळणे कठीण. परंतु ती नीट तपासली तर दोन गोष्टी लक्षात येतात. भुकेने श्वेतकेतूकडून जे हिरावले ते पाठांतर, म्हणजे आधी साठवलेले ज्ञान होते. आणि मन व अन्न यांचा संबंध हे जे नवे ज्ञान त्याला मिळाले, ते भुकेच्या अनुभवाशिवाय मिळणेच शक्य नव्हते. उपाशी माणसाला ग्रंथ म्हणता येत नाही हे त्या प्रयोगाने सिद्ध झाले, उपाशी माणसाला काही कळत नाही हे झाले नाही.

तुकारामांचे चरित्र हाच मुद्दा अधिक कठोरपणे पुढे नेते. देहूच्या या वाण्याच्या घरी दुकानदारी होती, महाजनकी होती, आणि फुरसतीच्या सिद्धान्ताप्रमाणे चिंतनाला अनुकूल काळ तोच म्हणावा लागेल. १६३० च्या सुमारास दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला, धंदा बुडाला, घरात मृत्यू झाले, पहिली पत्नी अन्नावाचून गेली. आणि देव, दुःख, लोकनिंदा व स्वतःचे मन यांच्याशी तुकारामांचा जो झगडा मराठीने जपला, तो या पडझडीनंतरचा आहे. लोकांकडील येण्याचे कागद इंद्रायणीत बुडवल्याची हकिगत परंपरा सांगते. ती मानली तर पोटाची तजवीज पूर्ण होण्याची वाट न पाहता, उलट तिच्यावर पाणी सोडून, हा माणूस विठोबाकडे वळला असे म्हणावे लागते. येथे म्हणीतला क्रम मोडतोच, आणि मोडतो तोही ज्या दैवताच्या नावाने ती म्हण रचली गेली त्याच्याच सर्वांत मोठ्या भक्ताकडून.

यावर एक ठरावीक आक्षेप घेतला जातो, तो असा की ही सारी भक्ती आहे, काव्य आहे, तत्त्वज्ञान नव्हे; तत्त्वज्ञानाला व्याख्या लागते, तर्क लागतो, खंडन लागते. हा आक्षेप सोयराबाईंच्या विटाळाविषयीच्या मांडणीपुढे ठेवून पाहावा. मंगळवेढ्याच्या चोखामेळ्यांची ही पत्नी चौदाव्या शतकातली. अस्पृश्यता आणि बाईपण यांचा दुहेरी विटाळ जिच्यावर लादला गेला, फुरसत जिच्या वाट्याला येण्याची शक्यता सर्वांत कमी, अशी. तिचा युक्तिवाद गद्यात मांडायचा तर असा होतो: विटाळ देहातूनच निर्माण होतो, आणि त्या विटाळाशिवाय कोणताही देह जन्माला येत नाही, मग ज्याला देह आहे अशा कोणाला सोवळा म्हणायचे? न्यायशास्त्रात व्याख्येचे तीन दोष सांगितले आहेत, आणि त्यांतील अतिव्याप्ती म्हणजे ज्याला वगळायचे आहे त्यालाही व्याख्येने कवेत घेणे. सोयराबाईंनी विटाळाच्या प्रचलित कल्पनेवर नेमका हाच दोष दाखवला आहे, कारण ती कल्पना सोवळे पाळणाऱ्यालाही तितक्याच काटेकोरपणे लागू पडते. शास्त्राची परिभाषा त्यांच्याकडे नव्हती, शास्त्राचे काम मात्र त्यांनी केले. आणि ज्यांच्याकडे परिभाषा, पाठशाळा व फुरसत तिन्ही होती, त्यांतल्या बहुतेकांना हा दोष शतकानुशतके दिसला नाही, कारण तो न दिसण्यात त्यांचा फायदा होता.

मग कष्टकऱ्यांचे चिंतन इतके थोडे का आढळते, हा प्रश्न उरतो, आणि त्याचे उत्तर ग्रंथ व प्रश्न यांच्यातल्या भेदात आहे. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना लिहितावाचता येत नव्हते. शेतात आणि घरात राबताना त्या जे रचत ते हवेत विरून जाण्याचीच शक्यता जास्त होती. त्यांचा मुलगा सोपानदेव हा स्वतः कवी होता, घरच्या माणसांनी काही रचना टिपून ठेवल्या होत्या, आणि आचार्य अत्र्यांनी त्यांचे मोल ओळखले, म्हणून १९५२ साली, बहिणाबाईंच्या निधनानंतर, ‘बहिणाबाईची गाणी’ महाराष्ट्राला मिळाली. मन, जन्ममरण आणि संसार यांविषयी त्यांत जो विचार आहे तो १९५२ साली जन्मलेला नाही. त्या वर्षी जन्मले ते पुस्तक. ज्या घरांत कवी मुलगा निपजला नाही तेथे काय विरून गेले, याचा अंदाज हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांच्या संग्रहावरून बांधता येतो: महाराष्ट्राच्या खेड्यांतून जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या लाखाच्या वर गेली. नोंद नाही म्हणून विचार नाही, असे अनुमान करणे म्हणजे सातबारावर नाव नाही म्हणून कुळाने जमीन कसलीच नाही असे म्हणण्यासारखे आहे.

सिद्धान्ताच्या बाजूचा सर्वांत वजनदार पुरावा मात्र वेगळ्याच ठिकाणाहून येतो. सिमोन वेल ही फ्रेंच तत्त्वज्ञानाची अध्यापिका. डिसेंबर १९३४ ते ऑगस्ट १९३५ या काळात पॅरिस परिसरातल्या कारखान्यांतून तिने साधी कामगार म्हणून काम केले, आणि तिचा अनुभव असा की थकलेल्या देहाला सर्वांत मोठा मोह होतो तो विचारच थांबवण्याचा, कारण विचार थांबला तरच यातना सोसवतात. ही साक्ष कष्टकऱ्यांविषयी ऐकीव बोलणाऱ्याची नाही, म्हणून ती नाकारता येणार नाही. पण वेलने विचार मारणारी जी दोन कारणे सांगितली ती नेमकी आहेत: वेग आणि हुकूम, म्हणजे नगावर मिळणाऱ्या मजुरीपायी यंत्राशी लावावी लागणारी शर्यत, आणि पुढच्या क्षणी कोणते फर्मान येईल याची टांगती तलवार. ज्या जात्याचा खुंटा हातात आहे त्याचा वेग तो हात ठरवतो, म्हणून दळता दळता ओवी सुचते. जेथे वेग दुसऱ्याने ठरवलेला आहे तेथे सुचणेही थांबते. हातात पिशव्या आणि डोळ्यांसमोर मोबाइलवरचे उलटे मोजले जाणारे मिनिट घेऊन जिने चढणाऱ्या आजच्या घरपोच सेवेतल्या तरुणाला वेलचे निरीक्षण शब्दशः लागू पडते. त्यावरून कष्ट आणि विचार यांचे वैर सिद्ध होत नाही. दुसऱ्याच्या वेळेवर कोणाची सत्ता चालावी, हा प्रश्न तेवढा ऐरणीवर येतो.

येथेच विरुद्ध टोकाच्या चुकीपासूनही सावध राहावे लागते. श्रमातच ज्ञान आहे, गरिबाला जे कळते ते पंडिताला कळत नाही, अशी जी श्रमपूजा चालते, तिचे पुजारी सहसा स्वतः दळत नाहीत. पहाटे उठून पायली पायली दळणाऱ्या बायकांच्या ओव्या मोलाच्या आहेत म्हणून जाते परत यावे, असे दळून खांदे भरून आलेली बाई म्हणणार नाही. गावात पिठाची गिरणी आली तेव्हा तिच्या डोक्यावरचा भार उतरला, आणि हा भार उतरणे हे ओवी थांबण्याच्या दुःखापेक्षा मोठे सुख होते. कष्टातही विचार होतो यावरून कष्ट चांगले असे ठरत नाही, जसे दुष्काळानंतर तुकाराम घडले यावरून दुष्काळ चांगला ठरत नाही. फुरसत हवीच आहे. वाद आहे तो विचाराच्या दारात फुरसतीची पावती मागण्याविषयी.

हा वाद केवळ पुस्तकी नाही, हे मुंबईच्या गिरण्यांच्या इतिहासावरून कळते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथील कामगाराला हक्काची साप्ताहिक सुटी नव्हती. सत्यशोधक चळवळीतले आणि ‘दीनबंधु’ पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने १८८४ साली कामगारांच्या सभा भरल्या, आणि कारखाना आयोगापुढे ठेवण्याच्या निवेदनात रविवारची सुटी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त अशी कामाची मर्यादा आणि महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार अशा मागण्या करण्यात आल्या. त्या वाचताना त्यांच्यामागचा प्रश्न लपत नाही: दिवस कोणाच्या मालकीचा असतो, आणि मजुरी देणारा माणसाचे किती आयुष्य विकत घेतो? काळ आणि मालकी यांविषयीचा हा प्रश्न कोणत्याही दर्शनाला शोभावा असा आहे, आणि ज्यांनी तो उपस्थित केला त्यांच्याजवळ त्यावर विचार करायला एक रविवारही नव्हता. १८९० साली गिरणीमालकांनी साप्ताहिक सुटी मान्य केली. फुरसतीतून विचार जन्मतो हा क्रम खरा असता, तर हा रविवार कधीच मिळाला नसता. तो आधी विचारला गेला आणि मग मिळाला.

म्हणीतल्या विठोबाकडे पुन्हा पाहिले तर तोही या क्रमाच्या बाजूने उभा नाही. पुंडलिकाच्या कथेत देव दारात येतो तेव्हा पुंडलिक आईवडिलांच्या सेवेत गुंतलेला असतो. तो काम सोडत नाही, देवाला उभे राहायला एक वीट फेकतो आणि हातातले काम पुरे करतो. वरवर पाहता आधी काम आणि मग विठोबा, असेच येथे घडले असे वाटेल. परंतु कथेप्रमाणे देव पंढरीला आला तो त्या कामाच्याच ओढीने, आणि काम आटोपल्यावर येतो असे सांगून तो निघून गेला नाही. काम चालू असतानाच तो उंबऱ्याशी आला आणि तेथेच राहिला. महाभारतातल्या त्या गृहिणीने ज्ञानी म्हणवणाऱ्याला जसे ताटकळत ठेवले, तसेच येथे देवाला थांबावे लागले. कष्टणाऱ्या माणसाच्या दारातले मोठे प्रश्नही असेच विटेवर उभे असतात. त्यांच्याकडे वळून पाहायला त्याला उसंत मिळू न देणे हा ज्यांचा व्यवहार आहे, त्यांनी दारात कोणी आलेच नाही अशी ग्वाही देऊ नये.